एदुआर लुका आणि ३९ अंकी मूळ संख्या: एकही भागाकार न करता ती कशी ओळखली?

आधी ही संख्या नजरेखालून घाला.

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

एकूण ३९ अंक. आपल्या पारंपरिक मोजणीत लक्ष, कोटी, अब्ज, खर्व असं चढत गेलं की परार्ध हा शेवटचा टप्पा येतो, म्हणजे १ वर १७ शून्यं. परार्धाला परार्धाने गुणलं तरी ३५ अंकीच संख्या मिळते. वरची संख्या त्या गुणाकाराच्याही १७ हजार पट आहे. लिहायला मात्र ती सोपी आहे. १२७ वेळा २ मांडायचे, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा. शाळेतल्या भाषेत, २ चा १२७वा घात वजा १.

१८७६ सालच्या जानेवारीत एका फ्रेंच शिक्षकाने जाहीर केलं की ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. त्या शिक्षकाचं नाव एदुआर लुका. इंग्रजी पुस्तकांतून आपण त्यांना लुकास म्हणून ओळखतो.

लहानपणी आपण मूळ संख्या कशी ओळखायचो ते आठवा. २ ने भागून बघा, ३ ने बघा, ५ ने बघा, आणि वर्गमुळापर्यंत जा. या संख्येचं वर्गमूळच २० अंकी आहे. तिचा विभाजक असलाच तर तो २५४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार, हे जुन्या सिद्धांतांवरून ठाऊक होतं. त्यामुळे तपासायच्या संख्या पुष्कळ कमी होतात. तरीही सेकंदाला एक भागाकार या वेगाने, न झोपता, १६० कोटी वर्षं लागतील. लुका यांनी जाहीर केलं तेव्हा त्यांना ३४ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

मग त्यांना हे कळलं कसं?

वेधशाळा, तोफखाना, शाळा

लुका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ चा, उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ गावचा. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या नामांकित संस्थेत ते शिकले. मग पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी लागली. तिथले प्रमुख होते ल व्हेरिये. नेपच्यून ग्रह आकाशात कुठे सापडेल हे निव्वळ आकडेमोडीने सांगणारे तेच हे खगोलशास्त्रज्ञ. लांबलचक आकडेमोड कंटाळा न करता आणि न चुकता करायची सवय अशा ठिकाणी लागली नसती तरच नवल.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. लुका तोफखान्यात अधिकारी होते. फ्रान्स हरला. युद्धानंतर लुका वेधशाळेत परतले नाहीत, शिक्षक झाले. आधी मुलँ या लहान शहरात, नंतर पॅरिसच्या शार्लमान आणि सँ-लुई या लिसेंमध्ये. लिसे म्हणजे आपल्याकडची वरच्या वर्गांची शाळा आणि ज्युनिअर कॉलेज यांच्या मधलं काहीतरी. विद्यापीठातलं अध्यासन त्यांना कधी मिळालं नाही. ज्या कामामुळे त्यांचं नाव राहिलं, ते वर्गात शिकवून उरलेल्या वेळात झालेलं आहे.

तोफखान्याशी नातं सांगणारं एक कोडं त्यांनी १८७५ मध्ये मांडलं. तोफगोळे चौकोनी मनोऱ्यासारखे रचलेत. वर १, त्याखाली ४, त्याखाली ९ असे. सगळे गोळे जमिनीवर उतरवून एकच मोठा चौरस करायचा असेल, तर मनोऱ्याचे थर किती हवेत? उत्तर आहे २४ थर. एकूण ४९०० गोळे, म्हणजे ७० गुणिले ७०. एकट्या गोळ्याचं क्षुल्लक उदाहरण सोडलं तर दुसरं उत्तर नाही, असं लुका यांचं म्हणणं होतं. ते खरं निघालं, पण सिद्ध व्हायला १९१८ साल उजाडलं.

एका धर्मगुरूची यादी

लुका यांच्या संख्येची कथा त्यांच्या २३० वर्षं आधी सुरू होते. मॅरँ मर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू गणिताचे मोठे रसिक होते. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. २ चा कुठलाही घात घेऊन त्यातून १ वजा केला तर मूळ संख्या केव्हा मिळते, हा प्रश्न त्यांना पडला होता. २ च्या वर्गातून १ गेला की ३. घनातून गेला की ७. पाचव्या घातातून ३१, सातव्यातून १२७. या सगळ्या मूळ. घातांक स्वतः मूळ नसेल तर उत्तरही मूळ येत नाही, हे सहज सिद्ध होतं. उलट बाजू मात्र दगा देते. ११ मूळ आहे, पण २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

१६४४ मध्ये मर्सेन यांनी यादीच देऊन टाकली. २५७ पर्यंतचे कोणते घातांक चालतात? २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. बाकीचे नाहीत. हे त्यांनी कसं ठरवलं हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटचे आकडे तपासणं त्या काळी कुणालाच शक्य नव्हतं, हे त्यांच्या वाचकांनाही ठाऊक होतं.

ऑयलर यांनी १७७२ मध्ये ३१ चा निकाल लावला. २ चा ३१वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे. (प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही ओळखीची वाटेल. ३२ बिटांत, चिन्हासह, मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच.) ऑयलर यांची पद्धत मूलतः भागाकाराचीच होती. विभाजक कसा असू शकतो यावर त्यांनी हुशारीने बंधनं घातली आणि उरलेले तपासले. ती वाट पुढे बंद होते. १८६७ मध्ये लाँद्री यांना १३ अंकी मूळ संख्या मिळाली, तोवरचा तो विक्रम होता. १३ अंकांवरून एकदम ३९ अंकांवर उडी मारायची तर भागाकार सोडून काहीतरी वेगळंच लागणार होतं.

वर्ग करा, २ वजा करा

लुका यांना ते वेगळं काहीतरी एका जुन्या श्रेणीत सापडलं. १, १, २, ३, ५, ८, १३... प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज. या श्रेणीला फिबोनाची हे नाव रूढ केलं ते लुका यांनीच. आपल्याकडे विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी हीच श्रेणी मात्रावृत्तांतल्या लघु-गुरूंच्या रचना मोजताना मांडली होती. त्याची युरोपात तेव्हा दाद नव्हती.

याच नियमाने पण वेगळ्या सुरुवातीने दुसरी श्रेणी बनते: १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७... हिला आज लुका श्रेणी म्हणतात. तिच्यातलं २रं, ४थं, ८वं आणि १६वं पद बघा: ३, ७, ४७, २२०७. यांच्यात एक सोपं नातं आहे. आधीच्याचा वर्ग करा, २ वजा करा, पुढचं मिळतं. ३ चा वर्ग ९, वजा २, ७. ७ चा वर्ग ४९, वजा २, ४७. प्रत्येक पावलाला श्रेणीतलं स्थान दुप्पट होतं. असं चालत राहिलं तर मधली अब्जावधी पदं न मोजताच आपण श्रेणीत अफाट दूर पोचतो.

परीक्षा अशी आहे. ३ पासून सुरू करा. वर्ग करून २ वजा करत चला, आणि दर वेळी तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवा, म्हणजे आकडे फुगणार नाहीत. घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. नाही आली तर संयुक्त. (सुरुवात ३ ने करायची तर घातांकाला ४ ने भागून ३ उरायला हवेत. ७, ११, ३१, ६७, १२७ हे सगळे तसेच आहेत.)

छोट्या आकड्यांवर करून बघू. घातांक ७, संख्या १२७. पाच पावलं टाकायची आहेत. ३ वरून ७, ७ वरून ४७. ४७ वरून २२०७, त्याला १२७ ने भागलं की बाकी ४८. ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४, आणि २५४ म्हणजे बरोबर १२७ ची दुप्पट. बाकी शून्य. १२७ मूळ आहे.

आता फसवी २०४७. नऊ पावलं. बाक्या अशा येतात: ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४. शेवटी शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. १६० दुसऱ्यांदा आला हेही लक्षात घ्या. तिथून पुढे तेच आकडे फिरून फिरून येणार, शून्य कधीच येणार नाही. २३ आणि ८९ हे विभाजक मात्र या सगळ्यात कुठेच दिसले नाहीत.

हे चालतं का? पूर्ण सिद्धता इथे मावणार नाही, पण कल्पना सांगता येते. कुठल्याही संख्येने भागून बाक्या घेत गेलं की श्रेणीतले आकडे चक्रासारखे फिरू लागतात. शून्य नेमकं शेवटच्या पावलावर आलं, तर त्यावरून चक्र किती मोठं आहे ते कळतं, आणि ते प्रचंड असतं. संख्येला एखादा लहान विभाजक असता तर तेच चक्र त्या विभाजकाच्या बाक्यांमध्येही मावायला हवं होतं. तेवढी जागाच तिथे नसते. त्यामुळे वर्गमुळापर्यंतचे सगळे विभाजक एका फटक्यात बाद होतात.

लुका यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट मला ही वाटते. त्यांच्या आधी मूळ संख्या ठरायची ती बाकी सगळे उमेदवार नाकारून. लुका यांनी होकारार्थी खूण दिली.

बुद्धिबळाच्या पटावर गुणाकार

तत्त्व झालं. पण ३९ अंकी संख्येचा वर्ग करायचा, तोही १२५ वेळा, आणि दर वेळी ३९ अंकी संख्येने भागायचं, हे कागदावर कोण करणार? एक अंक चुकला की पुढचं सगळं वाया, आणि चुकलं हे कळायला मार्ग नाही.

इथे लुका यांनी द्विमान पद्धत वापरली, म्हणजे फक्त ० आणि १. तेव्हा संगणक नव्हते आणि या पद्धतीचा रोजच्या व्यवहारात काही उपयोग नव्हता. पण मर्सेनच्या संख्यांना ती अंगरख्यासारखी बसते. २ चा १२७वा घात वजा १ ही संख्या द्विमान पद्धतीत म्हणजे ओळीने १२७ एक.

फायदा समजायला आपली दशमान पद्धतच घ्या. ९९९ ने भागायचं असेल तर भागाकार लागत नाही. ४२५३१७ चे तीन-तीन अंकांचे गट करा, ४२५ आणि ३१७, बेरीज ७४२, तीच बाकी. ९ ने भाग जातो का हे अंकांची बेरीज करून आपण बघतो, तीच युक्ती. द्विमान पद्धतीत १२७ एकांच्या संख्येचंही तसंच होतं. १२७ घरांच्या डावीकडे जे सांडेल ते उचलून उजव्या टोकाला नेऊन मिळवायचं. झाला भागाकार.

लुका यांनी याचा खेळ करून टाकला. १२७ गुणिले १२७ घरांचा पट घ्यायचा, म्हणजे १६,१२९ घरं. १ असेल तिथे प्यादं, ० असेल तिथे रिकामं घर. संख्येचा वर्ग करायचा तर तीच संख्या एकेक घर सरकवून ओळींमध्ये मांडायची, कडेबाहेर जाणारी प्यादी दुसऱ्या टोकाकडून आत घ्यायची. मग उभ्या रकान्यांची बेरीज: एका रकान्यात दोन प्यादी दिसली की ती काढून शेजारच्या डाव्या रकान्यात एक ठेवायचं. शेवटी एक ओळ उरते. त्यातून २ वजा करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. गुणाकार नाही, भागाकार नाही, पाढे नाहीत. फक्त प्यादी सरकवायची.

शेवटच्या, म्हणजे १२५व्या पावलानंतर ओळीतली १२७च्या १२७ घरं भरलेली असली किंवा सगळी रिकामी असली, तर बाकी शून्य. बाकी शून्य आली.

इंटरनेटवर एक गोष्ट फिरते की लुका यांनी पंधराव्या वर्षी हे काम हाती घेतलं आणि १९ वर्षं घासून पूर्ण केलं. ऐकायला छान आहे, पण पटत नाही. ज्या श्रेणींवर परीक्षा उभी आहे त्यांच्यावरचं त्यांचं काम १८७० च्या दशकातलं आहे. पद्धत हाती आल्यावर लागतात ती चिकाटीची काही आठवड्यांची बैठक, दोन दशकं नव्हे.

६७ चं काय झालं?

त्याच १८७६ मध्ये लुका यांनी मर्सेनच्या यादीतला ६७ हा घातांक खोटा ठरवला. २ चा ६७वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या आहे. परीक्षेत शून्य आलं नाही, म्हणून ती संयुक्त. कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? ते लुका यांना माहीत नव्हतं, आणि परीक्षा ते सांगतही नाही.

तिला विभाजक आहेत हे पक्कं, पण एकही दाखवता येत नाही, अशी ही अवस्था २७ वर्षं राहिली. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल यांनी ते शोधले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल यांनी सभेत फळ्यावर एक शब्दही न बोलता गुणाकार करून दाखवला आणि टाळ्यांच्या कडकडाटात खाली बसले, अशी आख्यायिका आहे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणं आणि तिचे अवयव शोधणं या दोन पूर्णपणे वेगळ्या अडचणीच्या गोष्टी आहेत, हे लुका यांच्या ६७ ने पहिल्यांदा इतकं उघड केलं. आज बँकेच्या संकेतस्थळावर आपला पासवर्ड सुरक्षित ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीचा आधार हाच फरक आहे. मोठ्या मूळ संख्या ओळखणं सोपं, त्यांच्या गुणाकारातून त्या परत वेगळ्या करणं महाकठीण.

मर्सेनच्या यादीत पुढे आणखी चुका निघाल्या. २५७ चुकीचा होता. ६१, ८९ आणि १०७ हे तर राहूनच गेले होते. मोठ्या घातांकांपैकी त्यांचा १२७ मात्र बरोबर निघाला.

लुका यांनी आपला सिद्धांत सविस्तर मांडला तो १८७८ मध्ये, अमेरिकेत नुकत्याच सुरू झालेल्या ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’ च्या पहिल्याच खंडात. त्या मांडणीत काही जागा सैल होत्या, आणि १२७ वाली आकडेमोड दुसऱ्या कुणी करून बघायला बराच काळ गेला. १९१४ मध्ये फोकाँबेर्ग यांनी ती पुन्हा केली. उत्तर तेच आलं. १९३० मध्ये अमेरिकेच्या डेरिक लेमर यांनी सिद्धतेतल्या फटी बुजवल्या आणि सुरुवात ३ ऐवजी ४ ने केली, की मग कुठलाही विषम मूळ घातांक चालतो. आज तिला लुका-लेमर परीक्षा म्हणतात.

काशीचं देऊळ, पॅरिसचं खेळणं

लुका यांचं नाव न ऐकलेल्यांनीही त्यांचं एक खेळणं पाहिलेलं असतं. तीन खुंट्या, एकीवर लहान-मोठ्या चकत्यांचा मनोरा. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. टॉवर ऑफ हनोई. संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला रिकर्शनच्या धड्यात हा भेटतोच.

१८८३ मध्ये तो बाजारात आला तेव्हा खोक्यावर सयामच्या कुणा प्राध्यापक एन. क्लॉस यांचं नाव होतं. असे कुणी प्राध्यापक नव्हते. फ्रेंचमध्ये ‘आमियाँचे लुका’ ही अक्षरं उलटीपालटी केली की ‘सयामचे एन. क्लॉस’ तयार होतात. प्राध्यापकांच्या कॉलेजचं चिनी वाटणारं नावही सँ-लुई याच अक्षरांचं होतं.

खोक्यातल्या पत्रकात एक कथा होती, आणि आँरी द पार्व्हिल या लेखकाने पुढच्या वर्षी ती आणखी रंगवून पसरवली. काशीच्या देवळात हिऱ्याच्या तीन सुयांवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत. पुरोहित रात्रंदिवस त्या हलवत आहेत. काम पुरं होईल तेव्हा जगाचा अंत होईल. ही कथा आपल्याकडे अनेकदा प्राचीन भारतीय म्हणून सांगितली जाते. ती पॅरिसमध्ये, खेळणं खपावं म्हणून रचलेली आहे.

कथेतलं गणित मात्र चोख आहे. ६४ चकत्यांना लागणाऱ्या चाली: २ चा ६४वा घात वजा १. म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. सेकंदाला एक चाल धरली तरी ५८ हजार कोटी वर्षांहून जास्त. ही संख्या मूळ नाही, तिला ३ ने आणि ५ नेही भाग जातो. पण साचा तोच: २ चा घात वजा १. आयुष्यभर ज्या संख्यांच्या मागे होते त्याच लुका यांनी मुलांच्या हातात लाकडी चकत्यांच्या रूपात दिल्या.

कोड्यांवरच्या त्यांच्या पुस्तकांचे चार खंड आहेत, त्यातले दोन त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. ठिपके काढून रेघा जोडायच्या आणि चौकट पूर्ण झाली की आपलं नाव लिहायचं, हा शाळेत मागच्या बाकावर चालणारा खेळही पहिल्यांदा छापला तो लुका यांनी, १८८९ मध्ये.

मार्सेयची मेजवानी

१८९१ च्या सप्टेंबरात फ्रान्सच्या विज्ञानप्रसारक संस्थेचं वार्षिक अधिवेशन मार्सेयला भरलं. मेजवानीत वाढणाऱ्याच्या हातून बशा पडल्या. एक तुकडा उडून लुका यांच्या गालाला लागला. जखम साधी होती, पण तीत जंतुसंसर्ग झाला. विसर्प, म्हणजे कातडीखाली वेगाने पसरणारी लाली आणि ताप. आज काही दिवसांच्या अँटिबायोटिकने बरा होतो. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी पॅरिसमध्ये ते गेले. वय ४९. त्यांच्या संख्या सिद्धांतावरच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच वर्षी निघाला होता. दुसरा कधी आलाच नाही.

त्यांच्या ३९ अंकी संख्येचा विक्रम ७५ वर्षं टिकला. १९५१ मध्ये फेरिए यांनी टेबलावरच्या गणकयंत्राने ४४ अंकी मूळ संख्या शोधली. त्याच वर्षी केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने ७९ अंकी संख्या काढली, आणि ती बनवली होती लुका यांच्याच संख्येवरून: तिचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसमधल्या स्वॅक संगणकावर लुका यांची परीक्षा चालवली गेली आणि ५२१ व ६०७ हे घातांक एकाच दिवशी मिळाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ आहे आणि ती ४ कोटी १० लाख अंकांहून मोठी आहे. तिच्यावरही शेवटी लुका-लेमर परीक्षेची मोहर उमटवावी लागली. यंत्राला हात न लावता सापडलेली सर्वांत मोठी मूळ संख्या मात्र अजून १८७६ चीच आहे.

एक गोष्ट राहिली. लुका यांनी निकाल जाहीर केल्यावर बेल्जियममधले गणितज्ञ कॅटलान यांच्या एक माळ लक्षात आली. २ चा २रा घात वजा १ म्हणजे ३. २ चा ३रा घात वजा १ म्हणजे ७. २ चा ७वा घात वजा १ म्हणजे १२७. २ चा १२७वा घात वजा १ म्हणजे लुका यांची संख्या. चारही मूळ. मग लुका यांची संख्याच घातांक म्हणून वापरली तर पुढचा मणीही मूळ असेल का? त्या संख्येत किती अंक आहेत हे सांगायलाच ३८ अंक लागतात. परीक्षा तिलाही लागू पडते. ३ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करत जायचं, आणि हे करायचं लुका यांच्या ३९ अंकी संख्येपेक्षा फक्त दोन कमी इतक्या वेळा.